फालेसीनं आईला गुंडाळलेलं कापड

आमच्या तळ्याकाठच्या गावात फालेसीसारखी नाचणारी दुसरी झाली नाही. गोऱ्यांनी स्वातंत्र्य मागणाऱ्या पार्टीवर बंदी घातली, तेव्हा गावातल्यांची पार्टीची कार्डं तिनं मक्याच्या पिठात लपवली. शिपाई पिठात हात घालणार, तर म्हणाली, "घाला की. कालच त्यात उंदीर मेला." शिपायानं हात मागे घेतला.

मग स्वातंत्र्य आलं आणि पार्टीच सरकार झाली. कार्ड नसेल तर बाजारात पाय ठेवता येईना. पोटातल्या पोराचंही कार्ड काढावं लागे! देश चालवणारे थोरले साहेब येणार असले की आम्हा बायकांना नाचायला नेत. नाचताना नेसायला पार्टीनं दिलेल्या कापडावर साहेबांचा छापील चेहरा. तो चुकून बुडाखाली यायला नको, म्हणून नेसल्यावर आम्ही एकमेकींना मागून तपासायचो, हसू दाबून.

त्या पावसाळ्यात फालेसीची आई गेली. घरात धड कापड तेवढंच, साहेबांच्या चेहऱ्याचं. तिनं आईला त्यातच गुंडाळून पुरलं. यात काही गुन्हा होईल, हे आमच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पार्टीचा चेअरमन लिकाग्वा जीप घेऊन आला.

"थोरल्या साहेबांना जिवंतपणी मातीत घातलंस? कबर उकर, कापड काढ."

"आईला नागडी करू? लिकाग्वा, तुझं कार्डसुद्धा माझ्या पिठात होतं रे."

"उकर, नाहीतर जीपमध्ये बस."

मी म्हटलं, "आक्का, माझं हे नेसूचं साधं कापड घे. बदलून टाकू."

"एकदा निजवलेल्या आईला मी उठवायची नाही," म्हणाली, आणि आपणहून जीपमध्ये चढली.

जीप टेकडीआड गेली. लिकाग्वा मागेच थांबला होता. त्यानं फावडी मागवली. कबर उकरायला लावली ती फालेसीच्याच चुलतभावांना. कापड त्यानं तळ्यात धुऊन नेलं. मी माझं नेसूचं साधं कापड सोडून म्हातारीला गुंडाळलं आणि पोतं नेसून घरी आले. रविवारी नाचायलाही गेले. न जाऊन करते काय?

तीन पावसाळ्यांनी फालेसी तुरुंगातून सुटली. पुढचे दात नाहीत, एक पाय ओढत चाललेली. घरी न जाता आधी कबरीवर गेली. वर गवत माजलं होतं.

"कुणी हात लावला नाही ना गं?"

"नाही आक्का."

"बघ, राखली की नाही मी तिला!" म्हणत ती गवतात बसली.

सगळ्या गावाला माहीत होतं. ती मरेपर्यंत तिला कुणी सांगितलं नाही.