प्लॅस्टरमधल्या दोन राजांची लढाई

धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी आणि काटोलकडचा एक ट्रकड्रायव्हर शेजारशेजारच्या पलंगांवर होतो. दोघांचाही उजवा पाय प्लॅस्टरमध्ये, आणि अजिबात हलायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. वॉर्डातला एकुलता ट्रान्झिस्टर बिघडला तशी वेळ जाईना. मी गणिताचा मास्तर. जुन्या कॅलेंडरच्या मागे दोन राज्यं आखून ते मधल्या स्टुलावर ठेवलं, आणि इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं राक्षस, जादूगार, गरुड म्हणून मांडली. चाल आळीपाळीनं करायची, लढाईचा निकाल फाशावर.

ड्रायव्हर फासा कपाळाला लावून टाकायचा आणि सारखा जिंकायचा. हरणं मला कधीच सोसलं नाही, त्यातून ड्रायव्हरकडून. "हे नुसतं नशीब आहे," मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणायचो. मी जिंकलो की मात्र त्याला माझी चाल समजावून सांगायचो. तो मुकाट ऐकायचा.

दीड महिन्यानं प्लॅस्टर काढलं. माझं हाड नीट जुळलं होतं. त्याचं नाही. त्याचं ट्रक चालवणं संपलं.

"मास्तर, तुमचा पाय जुळला, माहा काहून नाही जुळला?" त्यानं विचारलं.

"मी डॉक्टरांचं ऐकलं," मी म्हणालो. "तुम्ही हलला असाल."

त्यानं मान डोलावली. त्याला ते पटलं.

त्या दीड महिन्यात तो साधा कुशीवरही वळला नव्हता. फासा स्टुलावरून घरंगळला की दर वेळी पलंगाखाली वाकून तो काढायचो मी.