आमची सेंटर हाफ

आमच्या जुन्या हॉकी टीममधल्या दोघी जरी भेटल्या, तरी चहा गार झाल्याशिवाय राहत नाही. एकीने एक किस्सा काढला की दुसरी त्यावर दोन ठेवते. हंगामात अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात ना, तसे एकामागे एक येऊन उभेच राहतात! आणि त्यातले निम्मे तरी विमलचे असतात. मी त्या टीमची गोलकीपर. सगळ्यांच्या मागे उभी राहून बघणारी, त्यामुळे माझी साक्ष खरी धरायची.

*

अमरावतीला आमच्या कॉलेजात मुलींची हॉकी टीम निघाली, त्याच वर्षी विमल खेड्यातून शिकायला आली. शेतकऱ्याची मुलगी. उंचीने आमच्यात सगळ्यात लहान, पण पळायला लागली की आम्हाला फक्त तिची वेणी दिसायची! सरांनी तिला मैदानाच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "तू सेंटर हाफ."

विमल जागची हलेना.

"हाफ कावून, सर? मी बुटकी हावो म्हून?"

सरांनी समजावलं. मागून चेंडू घ्यायचा, पुढे पोचवायचा, दम कुणी खायचा नाही आणि तू तर मुळीच नाही. विमलने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे काम फुल अन् नाव हाफ! चालते. लिवा."

*

तिचे बाबा पहिली मॅच बघायला गावाहून आले. धोतर, सदरा, हातात छत्री. मैदानाच्या कडेला उकिडवे बसून त्यांनी पूर्ण मॅच डोळ्यांत तेल घालून बघितली. आम्ही एका गोलने जिंकलो. जिने गोल मारला तिला सगळ्यांनी उचलून घेतलं, कुणीतरी हारही घातला.

बाबांना ते काही पटलं नाही.

"पूरा टाइम तू पळाली. चेंडू तू आनला. अन् हार तिच्या गळ्यात कावून?"

"बाबा, गोल तिनं मारला ना!"

"वा रे वा! पेरा आपला अन् वेचनी दुसऱ्याची!"

पुढच्या मॅचपासून आमचा गोल झाला की बाबा कडेवरून ओरडायचे, "पेरा कोनाचा?" आणि आम्ही सगळ्या ओरडायचो, "विमलचा!" गोल मारणारीसुद्धा! अजून आठवलं की ऊर भरून येतो.

*

अकोल्याच्या कॉलेजशी मॅच होती. एस.टी.त चढताना सरांना मुली मोजायची सवय. दारात उभे राहून ते मोठ्याने म्हणाले, "पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन बॅक, एक गोलकीपर. झालं!"

कंडक्टरने ऐकलं आणि तिकिटं फाडली. त्यातली तीन हाफ!

सरांनी न बघताच ती खिशात घातली. मूर्तिजापूरला चेकर चढला. तिकिटं बघितली, आम्हाला बघितलं, पुन्हा तिकिटं बघितली.

"हाफवाल्या पोरी कुठी हायेत?"

विमल स्टिक घेऊन ताडकन उभी राहिली. "मी सेंटर हाफ!"

"बाई, सेंटरची असो का साईडची, एवढ्या घोडीले फुलच तिकीट लागते!"

हा किस्सा तिने बाबांना सांगितला. त्यांनी तो पारावर बसून गावभर केला.

*

त्याच मॅचची गोष्ट. उन्हाळा तोंडावर आलेला, काळ्या मातीच्या मैदानाला हात हात भेगा! चेंडू घरंगळत गेला आणि एका भेगेत गडप. अकोल्याच्या मुली आणि आम्ही, सगळ्या स्टिका घालून उकरतोय. अंपायर पुण्याकडचे. शिट्टी तोंडात, पण वाजवायची कशाबद्दल?

विमल पालथी पडली. खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तिथूनच अंपायरना विचारलं, "सर, हात लागला त फाऊल त नाई ना?"

"आधी बाहेर काढा हो तो!"

चेंडू निघाला. तिथूनच खेळ सुरू झाला. विमलने काळ्याकुट्ट हाताने असा पास दिला की पुढचीला फक्त ढकलायचा होता. गोल! अकोल्याची कॅप्टन कपाळावर हात मारून म्हणाली, "आमच्याच जमिनीनं तुमाले पास देल्ला!"

*

नागपूरच्या स्पर्धेत आम्ही फायनल हरलो. पण मुंबईच्या एका कंपनीचे साहेब बघायला आले होते. कंपनीची बायकांची टीम होती. त्यांनी गोल मारणारीला नाही विचारलं. सरळ विमलकडे आले. "आमच्याकडून खेळाल? पगार मिळेल."

"पारखी मानूस हाय," बाबा म्हणाले. मग जरा विचार करून, "खेळाचा पगार देतेत? मंग तिथी काम कोन करते?"

आम्ही हसलो. पण बाबांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. "पाहू," एवढंच म्हणाले. कंपनीने हजर व्हायला सांगितलेला दिवस जवळ आला, तरी 'पाहू'च! त्यात तिच्या मामाने अकोल्याचं स्थळ आणलं. फायनल हरून न रडलेली विमल त्या दिवशी माझ्याजवळ हुंदके देऊन रडली.

*

बघण्याचा कार्यक्रम अमरावतीला मामाच्याच घरी होता. मुलाचे वडील अकोल्याचे वकील. विमल चहा देऊन आत आली आणि आम्ही दोघी दाराला कान लावून उभ्या राहिलो.

वकीलसाहेब म्हणाले, "मुलगी पसंत आहे. गुणी आहे, शिकलेली आहे. ते हॉकीबिकी तेवढं बंद करावं लागेल. बाकी मुलगी आम्हाला पसंत!"

मामाचा चेहरा फुलला. "झालं त मंग! भाऊजी, साखर वाटा!"

विमलने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी फटीतून बघितलं. बाबांनी कप खाली ठेवला. सदऱ्याच्या खिशातून पुठ्ठ्याचं एक छोटंसं तिकीट काढलं आणि साखरेच्या वाटीशेजारी ठेवलं.

"वकीलसाहेब, तुमाले हाफच पोरगी पायजे. पन म्या त सकाळीच बडनेऱ्याच्या टेसनावर जाऊन तिचं मुंबईचं फुल तिकीट काढलं!"