बुटांसकट वजन

हेलनबाई गेल्याचं पत्र मला त्या गेल्यानंतर एकोणीस दिवसांनी मिळालं. पत्रात गेल्याची तारीख होती आणि पाकिटावर परभणीच्या टपालाचा शिक्का. वजाबाकी करायला वेळ लागला नाही. म्हणजे एकोणीस दिवस मी त्यांना जिवंत धरून चाललो होतो, आणि त्यातल्या एका रविवारी चर्चमधून घरी येताना त्यांच्यावर मनातल्या मनात चिडलोही होतो. हे चिडणं नवं नव्हतं. वीस वर्षं झाली त्याला... पत्र त्यांच्या मुलीचं, मार्गारेटचं. कॅनडातून आलेलं, दोन पानी. आईला तुमची फार आठवण यायची, असं तिनं लिहिलं होतं. धाकटा भाऊ डेव्हिड अंत्यविधीला आला, दोन दिवस राहिला आणि गेला, असंही लिहिलं होतं. ते दोन दिवसांचं वाक्य मी तीनदा वाचलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं, असं माझी बायको म्हणते. चांगलं लिहिणारच आहे. पण झालं तेही लिहिणार आहे, कारण त्यात निम्मी चूक माझी होती.

मी तेव्हा पूर्णेला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. राज्य निजामाचं; कचेरीतला कागद उर्दूत आणि आमची रजिस्टरं इंग्रजीत. दवाखान्यापासून मिशनचा बंगला दोनशे बारा पावलांवर. लढाई सुरू व्हायच्या तीन वर्षं आधी पाद्रीसाहेब आणि हेलनबाई तिथे राहायला आले, तेव्हा मार्गारेट सव्वा वर्षाची होती. डेव्हिड पुढच्या उन्हाळ्यात बंगल्यातच जन्मला. त्याला पहिल्यांदा तोललं ते मी: सात पौंड दोन औंस. साहेब महिन्यातले अठरा-वीस दिवस छकड्यातून खेड्यापाड्यांत फिरतीवर असायचे, त्यामुळे घर, मुलं आणि बायकांची शिवणशाळा हे सगळं बाईंच्या अंगावर. गावातले लोक त्यांना मडमसाहेब म्हणायचे. आम्ही दवाखान्यातले हेलनबाई म्हणायचो, आणि ते त्यांना आवडायचं. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आणि कोणाला न भिणाऱ्या. बंगल्याच्या विहिरीवर तहसीलदाराचे घोडे पाणी पिऊन घाण करतात म्हणून त्या स्वतः कचेरीत जाऊन त्याला चार शब्द सुनावून आल्या होत्या. त्या काळी तहसीलदार रस्त्यानं आला तर आम्ही बाजूला होऊन उभे राहायचो.

मुलं वाढवण्याचे त्यांचे नियम होते. पाणी वीस मिनिटं उकळायचं, समोर घड्याळ ठेवून. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत डोक्यावर टोपी. बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही. हे नियम मोडायला घरातच माणूस होतं, मुलांची आया सखूबाई. ती वालूरकडची, धनगराच्या घरातली, नवरा वारलेला. मेंढरं दिराकडे राहिली, एक शेळी तेवढी स्वतःची म्हणून बरोबर घेऊन आलेली. डेव्हिडला ती दाव्या म्हणायची आणि दाव्या तिच्याचसारखं बोलायचा. एके दुपारी औषधं द्यायला मी बंगल्यावर गेलो, तेव्हा स्वयंपाकघराच्या पायरीवर हेलनबाईंनी दोघांना रंगेहाथ पकडलं होतं. बाईंचं मराठी पुण्याच्या एका शास्त्र्याकडून शिकलेलं, त्यामुळे त्या रागावल्या की जास्तच शुद्ध बोलायच्या.

"सखूबाई, ह्या बालकास तुम्ही काय भक्षण करविले?"

"काई न्हाई मडमसाब, भाकर हाय."

"आणि भाकरीवर?"

"भाकरीवर... थोडासा ठेचा हाय. त्यानंच मागितला."

डेव्हिडचं तोंड लाल, नाकातून पाणी. "आई, लय गोड लागायलंय," तो म्हणाला, "तू बी खा ना." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, पायरीवर बसल्या आणि घास घेतला. मग उकळलेलं पाणी तीन पेले प्यायल्या. सखूबाई पदरात तोंड घालून हसत होती. अशा होत्या हेलनबाई. म्हणूनच पुढचं सगळं मला जास्त टोचतं.

मिशनची एक रीत होती. मूल सहा वर्षांचं झालं की त्याला दक्षिणेतल्या डोंगरावरच्या शाळेत पाठवायचं. मैदानातली हवा गोऱ्या मुलांना मानवत नाही, असं त्यांचं पक्कं मत. वर्षातले नऊ-दहा महिने मूल तिथेच. नाताळाच्या सुमारास घरी. पूर्णेहून सिकंदराबादच्या गाडीत बसायचं, पुढे दोनदा गाडी बदलायची, तिसऱ्या दिवशी पोचायचं. मार्गारेट सहाची झाली तशी गेली. पहिल्या सुट्टीला परत आली तेव्हा मराठी विसरली होती. एवढंच असतं तर चाललं असतं. पण जेवण झाल्यावर ती खुर्चीत ताठ बसून राहिली आणि आईला म्हणाली, "मी उठू का, मॅडम?" शाळेत तशी सवय लावलेली. हेलनबाई उठून व्हरांड्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन मला म्हणाल्या, "शांतवनराव, डेव्हिड जाणार नाही. मी त्याला इथेच शिकवीन."

असं करायला मिशनची परवानगी लागायची, आणि परवानगी मुलाच्या तब्येतीवर अवलंबून. मूल मैदानात सुकत नाही, हे दाखवायचं कशावरून? माझ्या रजिस्टरवरून. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी मिशनमधली सगळी मुलं तोलायचो, आमची आणि साहेबांची. काटा नीट शून्यावर आणायचा, मुलाला हलू द्यायचं नाही, आकडा दोनदा वाचायचा, मगच लिहायचा. माझ्या रजिस्टरात खाडाखोड सापडणार नाही, याचा मला अभिमान होता. बाई डेव्हिडला स्वतः घेऊन यायच्या. आकडा मनात ठेवून घरी जायच्या आणि कॅनडात आपल्या आईला कळवायच्या. ती म्हातारी पोरं मराठवाड्यात मरतील या भीतीनं सारखी लिहायची, की मुलांना घेऊन परत ये.

डेव्हिड सहाचा झाला त्या उन्हाळ्याच्या शेवटी मिशनच्या मुख्य ठाण्यावरून तीन जण आले. बंगल्याच्या दिवाणखान्यात बैठक बसली. साहेब फिरतीवरून मुद्दाम आलेले. बाई शिवण घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. मला रजिस्टर घेऊन बोलावलं आणि आकडे वाचायला सांगितले. मी वाचले. डिसेंबर, एक्केचाळीस पौंड. जानेवारी, एक्केचाळीस. मे, अडतीस.

"तीन पौंड?" त्यांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं.

"होय साहेब. तीन."

हेलनबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं होतं. मला वाटलं, आता बोलतील. तहसीलदाराला सोडलं नाही त्या बाई या तिघांना सोडतील होय? मी तर वाटच बघत होतो. पण त्या बोलल्या नाहीत. तोंड मिटलं, मान खाली घातली, टाका घातला. साहेब म्हणाले, "प्रभूची इच्छा." पाच मिनिटांत ठरलं. मी रजिस्टर काखेत मारून बाहेर आलो, आणि मनात आलं की आपण आपलं काम चोख केलं. हे लिहायला मला लाज वाटते, पण तसंच मनात आलं होतं.

जुलैतल्या एका सकाळी आम्ही सगळे स्टेशनवर होतो. डेव्हिडला डब्यात चढवलं. तो खिडकीतून ओरडला, "आया, मी चार दिसांत वापस येतो. माझी शेळी कोणाला देऊ नको बरं!" तोवर ती शेळी त्याचीच झाली होती. गाडी हलल्यावर सखूबाई बाईंकडे वळली. मालकिणीशी असं कोणी बोलत नाही, पण ती बोलली. "मडमसाब, आमी कोकरू सुदिक अंगात धर येईपतूर आईपासून तोडत न्हाई. अन् तुमी मानसाचं लेकरू गाडीत घालून देलं." बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या बंगल्याच्या वाटेला लागल्या.

बैठकीत बाई का बोलल्या नाहीत, ते मला कळलं थंडी सुरू झाल्यावर. डेव्हिडला लहान झालेले बूट आणि लोकरीचा कोट बाईंनी माझ्या थोरल्याला, प्रभाकरला दिले होते. तो त्याच्याहून वर्षानं लहान. पोरगं खुशीत ते घालून शनिवारी काट्यावर चढलं आणि एका महिन्यात अडीच पौंडांनी वाढलं. आमच्या घरात काय शिजतं हे मला माहीत होतं. अडीच पौंड वाढावं असं काही शिजत नव्हतं. मी बूट काढून तोलले. सव्वा पौंड. कोट आणि मोजे, आणखी सव्वा. मग रजिस्टर काढलं... दर थंडीत डेव्हिड काट्यावर चढला तो बूट-कोट घालून, आणि उन्हाळ्यात अनवाणी, नुसत्या चड्डीवर. माझ्या डोळ्यांसमोर. मी काटा शून्यावर आणत होतो, आकडा दोनदा वाचत होतो, आणि मुलाच्या अंगावर काय आहे ते बघत नव्हतो. पोरगं उतरलं होतं ते अर्धा पौंड. माझा प्रभाकर त्याच उन्हाळ्यात पाऊण पौंड उतरला होता, आणि त्याला कोणी डोंगरावर पाठवलं नव्हतं.

मी तसाच बंगल्यावर गेलो. बाई बागेत होत्या. मी बूट हातात धरून सगळं सांगितलं, आकड्यांसकट. त्यांनी बूट माझ्या हातातून घेतले. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, शांतवनराव."

मला वाटलं, त्यांना माझं बोलणं कळलं नाही. पण कळलं होतं. पहिल्या वर्षी खरंच थंडी होती म्हणून बूट राहिले होते. आकडा चांगला आला. तो त्यांनी आईला कळवला. आईचं पहिल्यांदाच समाधानाचं पत्र आलं. मग पुढच्या महिन्यात बूट काढायला हात धजावला नाही, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात तर बूट मुद्दाम घातले; उन्हाळ्यात मात्र ते अंगावर ठेवणं शक्य नव्हतं. "मी तुमच्या हातून दर महिन्याला असत्य लिहवून घेतलं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सांगणार होते. तोंड उघडलं होतं, तुम्ही पाहिलंत. पण माझे पती समोर होते, आणि ते तिघे... इतकी वर्षं मी शिवणशाळेत बायकांना सांगते, असत्य बोलू नका."

"बाई, एक वाक्य बोलायचं होतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "एक वाक्य! पोरगं इथं राहिलं असतं."

"होय."

"मग आता लिहा."

त्यांनी लिहिलं नाही. मी लिहिलं. वजनातली चूक माझी, कपड्यांची वजाबाकी करायची राहिली, मुलाची तब्येत उत्तम आहे, असं मुख्य ठाण्याला कळवलं. ते खोटंही नव्हतं. दीड महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं: मुलगा शाळेत रुळला आहे, मध्येच काढणं त्याच्या हिताचं नाही. हे पत्र आणि डेव्हिड एकाच आठवड्यात आले. सखूबाईनं शेळीचं दूध काढून त्याच्यापुढे धरलं. तो इंग्रजीत म्हणाला, नको, आभारी आहे. पेला हातात धरून ती मला म्हणाली, "बघा दादा, आता ह्यो बी सायब झाला." तरीही मी बाईंना म्हणालो, ठेवून घ्या त्याला, कोण काय करतंय बघू. बाईंनी त्याला विचारलं, राहतोस का? त्यानं विचारलं, शाळेची गाडी कितव्या तारखेला आहे? त्याचे मित्र तिकडे होते. त्याचं सगळंच आता तिकडे होतं.

पुढची पाच वर्षं हेलनबाईंनी आणि मी एकाच आवारात काम केलं. माझ्या धाकटीला गोवर निघाला तेव्हा त्या सहा दिवस आमच्या घरी बसून होत्या. रझाकारांच्या दिवसांत स्टेशनकडून पळून आलेली माणसं त्यांनी शिवणशाळेत ठेवून घेतली, बंदूकवाल्यांसमोर दार अडवून स्वतः उभ्या राहिल्या. त्या दारातून आत यायची कोणाची हिंमत झाली नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि पाहताना पुन्हा तेच मनात आलं: ही बाई बंदुकीसमोर उभी राहते, मग त्या तीन म्हाताऱ्यांसमोर काय झालं हिला? पोलीस अॅक्शननंतर काही महिन्यांनी ते कुटुंब कॅनडाला गेलं. निघायच्या आदल्या दिवशी त्या दवाखान्यात आल्या.

"शांतवनराव, तुमचा राग गेला नाही."

"नाही बाई."

"माझाही गेला नाही," त्या म्हणाल्या. कोणावरचा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्ही हात जोडले. ती शेवटची भेट.

मी आता परभणीला सरकारी दवाखान्यात आहे. बाळांच्या वजनाचं रजिस्टर छापील येतं, सहा रकान्यांचं. नवं रजिस्टर आलं की मी पट्टी घेऊन पेन्सिलीनं सातवा रकाना आखतो आणि त्यावर लिहितो, 'अंगावर काय'. आमचे तरुण डॉक्टर म्हणतात, हा वेळ वाया घालवणं आहे. कपडे काढून तोललं की झालं. त्यांचं बरोबर आहे. या रकान्याचा आजवर कोणाला उपयोग झालेला नाही, आणि ज्याला झाला असता तो कॅनडात कुठेतरी आहे, आईला मूठभर माती देऊन दोन दिवसांत निघून गेलेला. पत्र आलं त्या दिवशी मी सतरा मुलं तोलली. शेवटची बाई खेड्यावरची होती. पोराच्या पायात लोकरीचे विणलेले बूट होते, नवे. मी म्हणालो, ते काढा.

"राहू द्या की हो," ती म्हणाली, "गार हाय लय. अन् थोडं वजन जास्ती दिसलं तर सासू बी गप बसंल."

मी तिच्याकडे पाहिलं. काटा शून्यावर होता.

"राहू द्या," मी म्हणालो. आकडा दोनदा वाचला, लिहिला, आणि सातव्या रकान्यात लिहिलं: बूट, लोकरीचे.