अर्धं माप

बंदुकीत पूर्ण माप दारू भरायची नाही, हे मला वयाच्या दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. न समजता झालं असतं तर चूक तरी म्हणता आली असती.

आमच्याकडे ठासणीची बंदूक होती, आजोबांच्या वेळची, पीक राखायच्या परवान्यावर. सेलूजवळच्या आमच्या वावरात दिवस मावळताना रानडुकरं उतरायची आणि एका फेरीत हरभरा उकरून टाकायची. बाबांनी आयुष्यात एक डुक्कर मारलं नाही. नळीत दारू, वर चिंधीचा बोळा, आणि हवेत बार. आवाजाने कळप पळाला की झालं. हिंगणघाटच्या एका म्हाताऱ्या कारागिराने त्यांना सांगून ठेवलं होतं, नळी आतून झिजली आहे, अर्ध्या मापाच्या वर गेलात तर तुमचं तुम्ही पाहा. बाबांनी ते पोथीसारखं पाळलं. बांबूच्या कांडीचं माप अर्ध्यावर कापून टाकलं. शिवाय ठासायच्या गजाला एक दोरा बांधला. भरून झाल्यावर गज नळीत उभा करायचा. दोरा नळीच्या तोंडाशी आला तर माप बरोबर, वर राहिला तर जास्त. स्वतःच्या हाताने भरलेली असली तरी बार काढण्याआधी ते पुन्हा एकदा गज घालून पाहायचे. त्यांची ही किरकिर मला असह्य व्हायची.

धुऱ्यापलीकडचं, म्हणजे बांधापलीकडचं वावर काकांचं. नात्याने कोणी नाहीत, शेजारी म्हणून काका. बार झाला की ते तिकडून ओरडायचे.

“भाऊ, डुकरं हासून राह्यले तुह्या बंदुकीले. त्याहीले वाटते, कोणी खोकलून राह्यला.”

बाबाही हसायचे. माझ्याच नाकाला मिरच्या झोंबायच्या. काकांनी जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं? पण त्यांच्यावर ढकलून मी सुटत नाही. मी तेव्हा तिशी ओलांडलेला, वर्ध्याच्या शाळेत मास्तर, दोन मुलांचा बाप होतो.

त्या संध्याकाळी बाबा मोटर बंद करायला विहिरीवर गेले आणि जाताना बंदूक भरून ठेवायला मला सांगून गेले. काका धुऱ्यावर उभे होतेच. एकदा तरी यांचं तोंड बंद व्हावं, म्हणून मी माप दोनदा ओतलं. खरं सांगायचं तर मजा वाटली.

बाबा परत आले. बंदूक घेतली, गजाकडे हात नेला आणि थांबले.

“तू भरली नं?”

“हो.”

“मंग काय पाहाचं,” म्हणाले, आणि गज तसाच राहू दिला.

तिथून हरभऱ्याच्या कडेपर्यंत ते दहा-पंधरा पावलं चालत गेले. तेवढ्यात कितीदा तरी बोलता आलं असतं. काका बघत होते, म्हणून मी बोललो नाही.

नळी मागच्या बाजूने फुटली. बाबांच्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. काका अनवाणी धावत आले आणि आपल्या दुपट्ट्याने त्यांनी तो हात बांधला. मी उभाच होतो.

दवाखान्यात बाबांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. रोज सांगायचं ठरवून मी जायचो आणि डबा ठेवून परत यायचो.

पुढे परवाना परत करायला आम्ही दोघे वर्ध्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूने विचारलं, हे कसं झालं.

“म्याच जास्त भरली,” बाबा म्हणाले. “पोरगं नाई म्हणत होतं. म्या आयकलं नाई.”

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. मला त्यांचा भयंकर राग आला, आजही येतो. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर पाय धरता आले असते. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

“शिकलेल्या पोराचं ऐकावं, बाबा,” बाबू लिहिता लिहिता म्हणाला. मग साक्षीदार म्हणून कोण सही करणार, असं त्याने विचारलं. बाबांनी उजव्या हाताने कागद माझ्याकडे सरकवला. मी खिशातून पेन काढलं आणि सही केली.