सुपारी इटलीला गेली

लीलावतीला इटलीचा दक्षिण किनारा तोंडपाठ होता, आणि तिथं जाऊन आला तिचा नवरा. जगात बऱ्याच गोष्टींची वाटणी अशीच होते, तेव्हा एवढ्यावर कुणी नवल करू नये. नवल आहे ते सुपारीचं.

लीलावती मूळची नागपूरची. देश स्वतंत्र झाला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. शाळेत पेढे वाटले, आणि भूगोलात पहिली आली म्हणून तिला एक जाडजूड ॲटलास बक्षीस मिळाला. बक्षीस देताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पोरींनो, आता देश आपला आहे. आता तुम्ही कुठंही जा, अडवणारं कुणी नाही." तेराव्या वर्षी माणूस असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतो. लीलावतीनं ठेवला. इटलीचं पान तिला सगळ्यांत आवडायचं. बुटासारख्या त्या देशाच्या नडगीवर नेपल्स, खाली सोरेंटो, मग डोंगराला चिकटलेली पॉझितानो, अमाल्फी, सालेर्नो अशी बारीक अक्षरातली गावं. आई भाजी निवडायला बसवी तेव्हा ही मनातल्या मनात त्या किनाऱ्यानं चालत असे आणि मेथीबरोबर काड्याही टोपलीत टाकत असे.

पुढं बी.ए. होऊन ती त्याच शाळेत भूगोल शिकवायला लागली. दोन वर्षं मजेत गेली. मग राज्यांची पुनर्रचना झाली. दिल्लीत रेघा ओढल्या गेल्या, नागपूर मुंबई राज्यात गेलं, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली आणि सचिवालयातले कारकून फायलींबरोबर गाडीत भरून तिकडं धाडले गेले. लीलावतीचे वडील त्यातलेच. "सरकार नेईल तिकडं जायचं. आपण तरी काय, फायलीच," असं ते म्हणाले आणि लोणच्याच्या बरण्या पोत्यात गुंडाळू लागले. लग्नाची मुलगी एकटी नागपुरात कशी ठेवायची, म्हणून तिची नोकरी सुटली. नकाशा शिकवणाऱ्या बाईला नकाशानंच उचलून फेकून दिलं. भोपाळात टी. टी. नगरातल्या नव्या सरकारी क्वार्टरच्या भिंती अजून ओल्या होत्या. भोपाळच्या शाळांना हिंदीतून शिकवणारी बाई हवी होती, आणि लीलावतीचं हिंदी तेव्हा भाजीवाल्यापुरतंच होतं. घरी बसलेल्या मुलीचं काय करतात हे सांगायला नको. वर्षाच्या आत तिचं लग्न झालं.

नवरा नरहर बाक्रे. भोपाळजवळ पिपलानीला उभ्या राहत असलेल्या मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर, सांगलीकडचा, घरात विधवा आई. माणूस वाईट नव्हता. पगार आणून हातात देई, आवाज चढवत नसे, चहात साखर कमी पडली तरी पिऊन टाकी. फक्त आपल्या सोयीचं तेच सगळ्यांच्या सोयीचं, असा त्याचा अगदी प्रामाणिक समज होता. अशा माणसाशी भांडायला निमित्तही सापडत नाही.

एकोणसाठ साली नरहरची दीड वर्षाच्या प्रशिक्षणासाठी विलायतेला निवड झाली. त्या संध्याकाळी तो स्कूटरवरून उतरला तोच हसत. आधी जाऊन आलेल्यांनी त्याला सगळं सांगितलं होतं. परतताना बोट नेपल्सहून धरायची, आणि त्याआधी एका प्रवासी कंपनीची बस सगळी किनारपट्टी दाखवते. बरोबर गाइड असतो. शेवटचे तीन महिने ज्याला हवी त्यानं बायको बोलवून घ्यावी, म्हणजे दोघांनी मिळून ही सफर करून घरी यावं. दोघा इंजिनिअरांच्या बायका तर जायची तयारीही करू लागल्या होत्या.

लीलावती त्या रात्री जेवली नाही, आनंदानं. माहेरच्या पाटल्या मोडून तिकिटाचं भागवू, असं तिनं स्वतःच सांगितलं. मूलबाळ अजून नव्हतं, अडकायला काही नव्हतं. दोन दिवसांनी नरहर म्हणाला, "आईशी बोललो. ती नको म्हणते. तिचे गुडघे हे असे. सून घरात नसली तर तिनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

लीलावती काही बोलली नाही. सासूबाईंशीही नाही, आणि इथंच चुकलं. ती तडक जाऊन विचारती तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण मानी बाई. तिनं राग गिळला आणि तो आत साचत गेला. सासूबाईंच्या गुडघ्यांना ती रोज तेल चोळे, पण वर बघत नसे.

त्या घरच्या देव्हाऱ्यात एक जुनी, काळी पडलेली सुपारी होती. कैलासवासी सासरे रामेश्वराला निघाले तेव्हा सासूबाई बाळंतिणीच्या खाटेवर. यात्रा जोडीनं करायची असते, बायको नसेल तर तिच्या जागी कमरेला सुपारी खोचायची असते. सासऱ्यांनी ती खोचून रामेश्वर केला, समुद्रस्नान केलं आणि सुपारी जपून परत आणली. "माझा रामेश्वर झालाय हो," सासूबाई रोज तिला कुंकू लावताना म्हणत. बाई चुलीजवळून हलली नव्हती, पण तिचा आवाज तीर्थाला जाऊन आलेल्या माणसाचा असे.

नरहर निघाला त्या दिवशी स्टेशनवर लीलावतीनं खणाच्या तुकड्यात बांधलेली एक सुपारी त्याच्या हातात ठेवली.

"मामंजींनी आईंना नेलं तसं मला न्या," ती म्हणाली. "दुसरीकडं कुठं विसरलात तरी चालेल. त्या किनाऱ्यावर मात्र जवळ ठेवा. आणि परत आणा. देव्हाऱ्यात ठेवायची आहे."

"अगं, इटलीत कसलं तीर्थ?" नरहर हसला, पण त्यानं ती कोटाच्या खिशात टाकली.

दीड वर्ष कसं गेलं ते तिचं तिला ठाऊक. मध्ये महाराष्ट्राचं वेगळं राज्य झालं, पिपलानीतल्या मराठी घरांनी पेढे वाटले, आणि आपण नेमके कुठले यावर पुरुषमंडळींनी बराच वाद घातला. लीलावतीचं लक्ष कॅलेंडरकडं. नरहरनं सफरीच्या तारखा कळवल्या होत्या. त्या आठवड्यात ती रोज सकाळी न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून ॲटलास उघडून बसे. आज सोरेंटो, म्हणजे उजव्या हाताला समुद्र आणि समोर ज्वालामुखी. आज पॉझितानो, म्हणजे पायऱ्या. अमाल्फीच्या दिवशी तर ती सिटी बसनं जवाहर चौकात जाऊन लिंबं घेऊन आली, कारण तिकडचे डोंगर लिंबाच्या बागांनी भरलेले असतात असं तिनं शिकवलं होतं. शेजारच्या शशिकलाबाईंनी दारातून विचारलं, "वहिनी, इतक्या तय्यार होऊन कुठं? कुणाची शादी-बिदी आहे का?"

"अमाल्फीला गेले होते," लीलावती म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी मनापासून हसली. आपण वेडेपणा करतोय हे तिला कळत होतं. पण तो तिचा स्वतःचा होता, आणि त्यात ती सुखी होती.

नरहर परत आला तो गोरा होऊन आणि बोलका होऊन. सामानात दाढीचं विजेचं यंत्र होतं, आईसाठी लोकरीची शाल होती, लीलावतीसाठी सेंटची बाटली होती. सुपारी कुठं आहे, असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. "असेल कुठंतरी, सामान लागू दे," तो म्हणाला. सामान लागलं. कोटाचे खिसे तिनं स्वतः उलटे केले. त्यात बसच्या तिकिटाचा एक चुरगळलेला तुकडा निघाला, बाकी काही नाही.

पुढच्या रविवारी टी. टी. नगरात मराठी मंडळींसमोर नरहरचं भाषण ठेवलं होतं, 'दक्षिण इटलीची किनारसफर'. कुणाकडून तरी यंत्र आणून पडद्यावर चित्रं दाखवायची होती. लीलावती बायकांच्या बाजूला पुढं बसली. पडद्यावर निळा समुद्र आला तेव्हा ती पुढं सरकून बसली. सगळं तिला ठाऊक होतं तसंच होतं, फक्त नरहर सोरेंटोच्या जागी सालेर्नो म्हणत होता आणि लोक माना डोलावत होते.

"आता अमाल्फीच्या रस्त्याची गंमत ऐका," नरहर म्हणाला. "एका बाजूला कडा, एका बाजूला समुद्र, आणि वळणं अशी की पोटातलं तोंडात यावं. आमच्या ग्रुपमध्ये एक म्हातारी मड्डम होती, तिला लागली मळमळ. गाइडजवळ औषध नाही. मी खिसे चाचपले, तर काय हाताला लागावं? आमच्या मंडळींनी बांधून दिलेली सुपारी. म्हणजे तिकडं मी जोडीनं हिंडत होतो, बरं का."

लोक हसायला लागले. नरहरला चेव आला.

"म्हटलं, बाई, ही चघळा, आमचं देशी औषध आहे. तिनं ती अख्खी तोंडात टाकली आणि दाताखाली धरली. कडाड् आवाज झाला. आम्हाला वाटलं सुपारी फुटली. फुटली होती तिची कवळी. मग काय, गाइडनं ती सुपारी चिमटीत धरली आणि खिडकीतून दिली भिरकावून खाली समुद्रात. आमच्या हिला घरबसल्या भूमध्य समुद्राचं स्नान घडलं."

हॉल हसून लोळला. शशिकलाबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि सगळ्या बायका मान वळवून लीलावतीकडं बघू लागल्या. अशा वेळी बाईनं हसायचं असतं. लीलावती हसली. ॲटलासवर बोट ठेवून बसलेली ती बाई, ती लिंबं, ते ठेवणीतलं लुगडं, सगळं तिला त्या पडद्यावर उघडं पडल्यासारखं वाटलं.

परतताना बसमध्ये नरहर खुशीत होता. "सुपारीवर सगळ्यांत जास्त हसले, पाहिलंस?"

"ती परत आणायची होती."

"अगं, एका सुपारीचं काय घेऊन बसलीस? उद्या जवाहर चौकातून पावशेर आणून टाकतो."

घरी आल्यावर तो झोपायला गेला. सासूबाई गुडघे पसरून बसल्या होत्या. लीलावती तेल घेऊन समोर बसली आणि पहिल्यांदाच तिचे हात थांबले.

"आई, तुम्ही मला जाऊ दिलं असतंत तर हे झालं नसतं."

"कुठं जाऊ दिलं असतं?"

"विलायतेला. तुम्ही नको म्हणालात ना, गुडघ्यांसाठी."

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. "मला कुणी विचारलं?" ती म्हणाली. "तुला जायचं होतं? अगं, मी म्हटलं असतं जा. माझं काय, शशिकला आहे, मोलकरीण आहे. त्यानं तर मला सांगितलं, लीलालाच थंडीची भीती वाटते."

लीलावतीच्या डोळ्यांसमोरून ते दीड वर्ष गेलं. ज्या बाईशी ती एक शब्दही धड बोलली नव्हती, त्या बाईचा काडीचा दोष नव्हता. नवऱ्यानं तिची सफर तर बुडवलीच होती, वर घरात बोलायला असलेलं एकुलतं एक माणूसही तोडलं होतं. तिला रडू आलं ते त्याचं, आणि रडतरडतच तिनं सुपारीची आणि मड्डमच्या कवळीची गोष्ट सांगितली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेलाची वाटी बाजूला सारली.

पौर्णिमेला नरहरनं सुखरूप परत आल्याबद्दल सत्यनारायण घातला होता. कारखान्यातले साहेब आले, त्यांच्या बायका आल्या, टी. टी. नगरातून लीलावतीचे आईवडील आले. चौरंगाला केळीचे खुंट बांधले. नरहर सोवळं नेसून पाटावर बसला आणि शेजारचा पाट रिकामा होता.

"वहिनी, या," गुरुजींनी हाक मारली. "गाठ बांधायची आहे."

लीलावती स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात शिऱ्याचं उलथणं होतं, अंगावर रोजचंच लुगडं.

"गुरुजी, बायकोच्या जागी सुपारी चालते ना?"

"चालते की. पण बाई परगावी असली, काही अडचण असली तर. तुम्ही तर घरात आहात."

"मी घरातच असते," लीलावती म्हणाली. "यांना सुपारीबरोबर जोडीनं हिंडायची सवय आहे. आजही तीच बसवा."

कुणीतरी खोकलं. तिच्या वडिलांनी मान खाली घातली. नरहर दबक्या आवाजात म्हणाला, "लीला, लोक बसलेत."

"त्या रविवारीही बसले होते."

नरहरचा चेहरा उतरला. त्याला काय झालंय ते खरोखरच कळलं नव्हतं, आणि तेच लीलावतीला सगळ्यांत जास्त लागलं. त्यानं सवयीनं आईकडं बघितलं. "आई, तू तरी सांग हिला."

सासूबाई भिंतीला धरून उठल्या. गुडघे कुरकुरले ते सगळ्यांना ऐकू आलं. त्या चौरंगापाशी गेल्या, पूजेच्या तबकातून एक सुपारी उचलली आणि लेकाच्या तळहातावर ठेवली.

"खोच कमरेला," त्या म्हणाल्या. "आणि ही तरी कुणाच्या तोंडात घालू नकोस."