कपावरचा तळवा

कार्तिकात आम्ही नवरा-बायको पहाटे सायकलींनी रमतगमत तेलीबांधा तलावावर जातो आणि काठावर बसून थर्मासमधली जायफळाची कॉफी पितो. यांची सारी नोकरी सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात गेली. तिथं चहात काळी धूळ पडायची, म्हणून दर घोटानंतर कपावर तळवा. निवृत्तीनंतरही तेच. मी चिडते, "इथं कोणती धूळ पडून राहिली कपात?"

काल सूर्य वर आला आणि अख्खा तलाव लालभडक होऊन हलायला लागला.

"भट्टी उघडली की असंच दिसे," हे म्हणाले. "रोज."

मले वाटे, हे रोज नुसती धूळ घेऊन घरी येतात.

मी पाण्याकडं बघतच राहिले. माझा कप उघडाच होता. यांनी त्यावर तळवा ठेवला.