साठ अंशांचं भरीत

मुलगी जळगावला विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायला गेली आणि वर्षभरात मी तिथल्या मेस समितीवर पालक प्रतिनिधी झालो. पावसाळ्यात दुपारचा भात रात्री वाढला गेला आणि काही मुलींची पोटं बिघडली. पालकांच्या सभेत सगळे तावातावाने बोलले. मी फक्त विचारलं, तो भात मधल्या वेळात किती अंशांवर होता? कुणालाच सांगता येईना. तेव्हा हे काम यांनाच द्या, असं ठरलं.

मी धुळ्यात एका जिनिंग मिलचे हिशेब पाहतो. अंदाजाने बोललेलं मला सोसत नाही. समितीसाठी मी टोकदार काडीचा थर्मामीटर विकत घेतला आणि सराव म्हणून घरच्या वरणात खुपसला. बायको म्हणाली, "आता वाढायलाही या काडीलाच सांगा."

आधीचा ठेकेदार गेला होता. त्याच्या जागी रावेरकडच्या एक अक्का आल्या. लग्नकार्याच्या स्वयंपाकांची कामं सोडून, पाच बायका सोबत घेऊन. ठेका तूर्त एका सहामाहीचा. पुढे चालू राहायचा तर सहामाहीच्या शेवटी मुलींकडून चवीला दहापैकी सरासरी सहा गुण मिळायला हवेत आणि स्वच्छतेबद्दल आमच्या समितीची तक्रार नको. अक्कांना मी पहिल्याच भेटीत तसाच एक थर्मामीटर दिला आणि नियम सांगितला. गरम पदार्थ शेवटच्या ताटापर्यंत साठ अंशांच्या वर हवा. खाली आला तर पुन्हा चांगला तापवायचा, नाहीतर टाकायचा.

"बठ्ठा पदार्थ?" अक्कांनी विचारलं.

"सगळेच."

हिवाळ्यातला एक रविवार भरताचा ठरला. मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर हिरवी, हातभर वांगी भाजली जात होती. साली काढून ती लाकडी बडजीत, म्हणजे होडीसारख्या लांबट भांड्यात, ठेचली जात होती. हिरव्या मिरच्या, लसूण, पातीचा कांदा, तळलेले शेंगदाणे. मी बसमधून उतरून आलो तेव्हा फाटकापर्यंत धुराचा वास येत होता, आणि मी सकाळपासून मुद्दाम काही खाल्लं नव्हतं.

ताटात आलं ते मात्र भलतंच. पातळ, काळपट, कांद्याची पात शिजून दोऱ्यासारखी झालेली. काडी घातली. एकाहत्तर अंश. एकदम निर्धोक.

शेजारच्या बाकावरची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "हाई भरीत शे का पिठलं?" खानदेशातल्या मुली, लहानपणापासून शेतातलं भरीत खाल्लेल्या. भरलेली ताटं उष्ट्याच्या बादलीकडे निघाली. मी स्वयंपाकघरात गेलो.

"अक्का, हे काय झालं?"

"तुमनाच नियम शे ना, भाऊ? ठेचाठेचीमा थंड व्हयनं. काडी घाली ते चाळीस. मंग चढावं चुलीवर." त्यांनी झारा आपटला. "एवढी वांगी फेकी देऊ का?"

मी काडी खिशात घातली. बाहेर मुलीने गाठलं. "पप्पा, सगळ्या जणी फाटकाबाहेरच्या गाडीवर गेल्या. तिथलं भरीत सकाळपासून उघडं ठेवलेलं असतं. तिथे लावा तुमची काडी." मग ती म्हणाली, "आणि आज गुण दिले तर पाचच्या वर जात नाहीत. अक्का गेल्या तर पुढच्या सहामाहीत डबा तुम्ही धुळ्याहून पाठवा."

पुढचा सगळा आठवडा मी ऑफिसात भरीत मोडून पाहिलं, म्हणजे कागदावर. भाजलेलं वांगं आतून चांगलंच तापलेलं असतं. ते थंड होतं ढिगात पडून राहिल्यावर, कारण सगळी वांगी आधी भाजायची, मग सगळी सोलायची, मग सगळी ठेचायची, ही लग्नघरची पद्धत. पंगत एकदम बसणार असेल तर ती ठीक. मेसमध्ये मुली तुकड्यातुकड्यांनी येतात. मग भरीतही तुकड्यातुकड्यांनी का नको? मी अक्कांना फोन केला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सोलाले माणूस वाढावा लागी. तुम्ही या."

गेलो. आधी बडजीवर उकळतं पाणी ओतून ती उन्हात वाळवून घेतली. ती माझी अट होती, आणि अक्कांनी ती कुरकुर न करता मानली. चुलीजवळ बसलो. निखाऱ्यावरून काढलेलं पहिलं वांगं माझ्यापुढे आलं तशी मी सवयीने काडी काढली.

"बोट घाली पहा," अक्का म्हणाल्या. "मंग सांगा, साठ शे का नही."

घातलं. त्यानंतर पाण्याच्या तांब्यात बोटं बुचकळत, तोंडाने फुंकर न मारण्याचा नियम पाळत, मी वांगी सोलली. पाचही बायका हसत होत्या. एक भाजतेय, एक ठेचतेय, एक फोडणी घालतेय, आणि घमेलं वाढायला जातंय. काही मुली तर चुलीपर्यंत येऊन ताटं पुढे करत होत्या. एक घमेलं जायचं, रिकामं परत यायचं. मी तीनदा काडी घेऊन मागे धावलो. तिसऱ्यांदा तळाशी दोन शेंगदाणे होते.

"आते काय मोजतस, भाऊ?" अक्कांनी विचारलं.

त्या दिवशी बादलीत फक्त मिरच्यांचे देठ पडले. महिनाअखेरीस सहामाही संपली आणि गुण लागले, सरासरी साडेआठ. ठेका पुढे चालू राहिला. मी मुलीला फोन करून विचारलं, तू किती दिलेस?

"नऊ."

"एक का कापला?"

"माझ्या घासात जळक्या सालीचा तुकडा आला, पप्पा. अक्का म्हणाल्या, ते वांगं तुमचं होतं."